मोडकमास्तरांची फांदी

मोडकमास्तरांबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला आमच्या गावात एकही भेटला नाही, आणि तो शोधायला मी फार लांब गेलोही नाही. त्यांच्या पश्चात शाळेत सभा झाली म्हणतात. तिथे बोलणाऱ्यांनी 'विद्वान', 'करारी', 'शिस्तप्रिय' असे शब्द वापरले. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणून आपल्याकडे हे शब्द करून ठेवलेले आहेत. मी त्यांच्या पडवीत भाड्यानं राहिलो, त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवली आणि त्यांच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावून माझा चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. मला हा माणूस कधीही आवडला नाही. जे आवडले त्यांच्यापेक्षा हाच जास्त आठवतो, याचा मला अजून राग येतो.

गाव रेवदंड्याच्या अलीकडचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे सुरूची झाडं आणि त्यामागे समुद्र. मास्तरांची वाडी समुद्राकडच्या अंगाला, म्हणून सगळ्यांत खारी. पावसाळ्याआधी कड्याकोयंड्यांना खोबरेल चोपडलं तरी दिवाळीपर्यंत त्यांचे पापुद्रे निघायचे. विहिरीचं पाणी मचूळ. नव्या माणसाला पहिला चहा थुंकावासा वाटायचा, मग जीभ मुकाट्यानं शिकायची. मास्तर उंच, वाळके, कानांवर केस असलेले. अंगात बारा महिने काळा अल्पाकाचा कोट, आणि कोटाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. मास्तर वर्गात यायच्या आधी तो वास यायचा आणि पोरं सावरून बसायची.

ते मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या गोऱ्या प्रोफेसरला त्यांनी भर वर्गात सांगितलं की, साहेब, तुम्ही काचेतलं बघत नाही, पुस्तकातलं बघता. ते खरंही असेल. त्यानंतर मास्तर एक पितळी जर्मन दुर्बीण आणि बरीच काचपात्रं घेऊन आगबोटीनं रेवसला उतरले ते परत गेले नाहीत. गावच्या इंग्रजी शाळेला शास्त्र शिकवणारा माणूस हवाच होता. शाळेनं त्यांना घेतलं आणि पुढे कायम पस्तावली.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दिसतं ते सांग, वाटतं ते घरी जाऊन आईला सांग." एकदा त्यांनी वरच्या वर्गातल्या पोरांना बेडकाची नस दाखवतो म्हणून रांगेत उभं केलं. एकेकानं एक डोळा मिटून दुर्बिणीत पाहिलं आणि पुस्तकात होतं ते म्हणून दाखवलं. पांढरी नस, तिला फांद्या. पोस्टमास्तरांच्या मुलानं तर फांद्या मोजून सांगितल्या. मास्तरांनी शांतपणे सगळी नावं फळ्यावर लिहिली, काचपट्टी काढली आणि चिमटीत धरून दाखवलं की हा माझ्या मिशीचा केस आहे. मग त्या पोरांना आठवडाभर, जो जो शिक्षक वर्गात येईल त्याच्यासमोर उभं राहून 'मी आंधळा आहे' असं म्हणायला लावलं. पोस्टमास्तरांचा मुलगा तिसऱ्या दिवशी शाळेत यायचा बंद झाला. मास्तर म्हणाले, बरं झालं, टपालखात्यात आंधळे चालतात. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे हसलो होतो. त्यांच्या क्रूरपणात गंमत असायची, आणि गंमत आहे तोवर माणसं क्रूरपणाला नावं ठेवत नाहीत.

त्या रांगेत एकच मुलगा वेगळं बोलला. शंकर म्हात्रे. त्याचा बाप खाडीपलीकडच्या मिठागरावर कामाला होता. तो म्हणाला, "मला काय कळत न्हाय, गुरुजी. केसासारखं दिसतं." दुसरा एखादा मास्तर असता तर त्यानं पोराची पाठ थोपटली असती. मोडकमास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं खिशातून काही उचललं. पुढे प्रयोगाच्या तासाला शंकरला त्यांनी वेगळाच नियम लावला. बाकीच्यांनी हात एकदा धुवायचे, शंकरनं तीनदा. "तुझ्या सात पिढ्या मिठात मुरल्यात. तू नुसता फुंकर घातलीस तरी माझं रुप्याचं पाणी नासेल." पोरांना तेवढंच हवं होतं. मॅट्रिक होईपर्यंत शंकरचं नाव 'मुरांबा' राहिलं. तो हात धुवायचा, इतके की बोटांची कातडी फाटायची. मग शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला गेला. जाताना मास्तरांच्या पाया पडायला आला नाही.

हे रुप्याचं पाणी म्हणजे सिल्व्हर नायट्रेट. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात त्या चिलटांच्या नसांचा मास्तरांना नाद होता. घरभर बाटल्या, बाटल्यांत केळ्याच्या फोडी, तोंडाला कापसाचे बोळे आणि आत चिलटांचे वंशच्या वंश. गाव त्यांना चिलटमास्तर म्हणे. चिलट काचपट्टीवर सरसाच्या चिकट थरात बसवून त्या पाण्यात ठेवलं की त्याच्या नसांतल्या थोड्या काळ्या होतात, बाकीच्या तशाच राहतात. कोणत्या काळ्या होतील ते चांदीच्या मर्जीवर. पण जी होते ती अशी उघडी पडते की बघत राहावं. पिवळसर उजेडात एक काळा ठिपका, त्यातून निघालेला एक दोरा, दोऱ्याला फांद्या आणि फांद्यांना काटक्या. पानं झडलेला पांगारा असावा तसं. मी चितारी माणूस, मला ते आवडे. मास्तर मला 'अहो चितारी' अशीच हाक मारत आणि शेजारी बसवून चित्रं काढून घेत. रेघ जरा सरळ सुंदर आली की त्यावर फुली मारत.

मीठ हा त्या चांदीचा वैरी. खारट पाण्याचा थेंब पडला की ती दुधासारखी फाटते. म्हणून विहिरीचं पाणी मास्तर प्रयोगाला शिवू देत नसत. श्रावणात अंगणात चार वासे रोवून त्यावर ते आपलं धोतर ताणून बांधत, मधोमध दगड ठेवत आणि खाली बरणी लावत. छपराचं पाणी चालत नसे, कौलांवर धूळ असते. धोतर मात्र त्याच सकाळी धुतलेलं लागे. सोवळ्याओवळ्याची एरवी ते टर उडवत, पण पारोशा धोतरातून गळलेलं पाणी त्यांच्या मनाला पटत नसे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पहाटे विहिरीवर ते धुऊन, पिळून त्यांच्या हातात देत. वर्षभराचं पाणी त्या बरणीत असे. ते आकाशातून आलेलं आहे याचा मास्तरांना इतका अभिमान होता की जणू त्यांनीच ते पाडलं.

मी राहायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी कुसुम सहा-सात वर्षांची होती. एकुलती एक. तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. पोफळीच्या लाकडाची एक कुबडी होती, ती काखेत धरून ती टुणटुण सगळी वाडी फिरायची. माझ्या पडवीत येऊन रंगांच्या वड्या चाटून बघायची आणि कोणता रंग गोड लागतो ते मला सांगायची. त्या घरात हसण्याचा आवाज तेवढा एकच होता.

मास्तरांचं म्हणणं असं की, पायाची नस मेलेली नाही, ती वाट शोधते आहे. त्यांनी मला वाडीत नेऊन दाखवलं होतं. पोफळीवर मिरवेल चढलेली असते. पोफळ तोडली की वेल काही दिवस लोंबकळते, मग शेजारच्या पोफळीकडे नवी फांदी टाकते. नस याहून वेडी आहे का, असं ते विचारत. रोज दिवेलागणीला ते कुसुमला ओटीवर बसवत, डोळे मिटायला सांगत आणि गुडघ्यापासून खाली सुई टोचत जात. लागलं? नाही. लागलं? नाही. 'नाही' म्हटलं की सुई जरा जोरात, रक्त येईपर्यंत. 'लागलं' म्हटलं की ते थांबत आणि तिथे निळ्या पेन्सिलीनं खूण करत. त्या वेळी त्यांचा चेहरा मऊ होई. एरवी तो तसा झालेला मी पाहिला नाही.

निळी खूण हळूहळू पोटरीवरून खाली सरकू लागली. एकदा वहिनी तिच्या पायाला हळद लावत होत्या, मी दारात होतो. कुसुम आम्हा दोघांना गुपित सांगावं तशी म्हणाली, "लागलं म्हटलं की बाबा थांबतात. आणि हसतातसुद्धा."

वहिनींनी त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं की पोर खोटं बोलते. मीही सांगितलं. मला त्यांनी भाडेकरूनं पडवीची हद्द ओळखावी असं सुनावलं. वहिनींना म्हणाले, "तुला वाटतं. मला दिसतं."

खूण घोट्यापर्यंत आली त्या दिवशी त्यांनी कुबडी न्हाणीच्या चुलीत घातली. नस पोचली आहे, आता लाड पुरेत, असं म्हणाले. वहिनींनी जळती कुबडी ओढून काढली, पण काखेत धरायचा भाग जळून गेला होता. कुसुम भिंती धरून चालू लागली. बाबा बघत असले की भिंत सोडायची. विहिरीच्या कठड्याला धरून ती चालत होती तेव्हा मास्तर ओटीवरून बघत होते. कठडा संपला तिथे तिनं हात सोडला, बापाकडे बघून एक पाऊल टाकलं आणि गुरांच्या दगडी डोणीवर पडली. डोकं आपटलं होतं. दुपार कलेपर्यंत होती, मग गेली.

मास्तर म्हणाले, शेवाळावरून घसरली. चैत्र होता. दगड कोरडे ठणठणीत होते. बाराव्यालाही त्यांनी चारचौघांत हेच सांगितलं, पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले आणि गावानं मान डोलवली. पुढे शाळेतल्या कोणा कार्ट्यानं त्यांच्या फाटकाला एक सडकं केळं आणि काटक्यांची एवढीशी कुबडी बांधून ठेवली. मास्तरांना चिडवायला बांधली होती. मास्तर उठायच्या आधी वहिनींनी ती सोडवून आत नेली. गावानं मारलेला दगड त्या घरात नेहमी चुकीच्या माणसाला लागायचा.

त्यानंतर मास्तरांनी दुसरं सगळं सोडलं आणि एकाच प्रयोगाला धरून बसले. चिलटाच्या अळीला पाय नसतात, पण कातडीखाली पुढे फुटणाऱ्या पायांचे कोंब असतात. तापवलेल्या बारीक सुईनं ते त्यातला एक कोंब जाळत. अळ्या मरत, ढिगांनी मरत. एखादी वाचे, कोशात जाई आणि पाच पायांचं चिलट होऊन बाहेर येई. मग त्याला चांदीत घालून ते बघत, की जो पाय नाही त्याच्याकडे निघालेली नस पुढे काय करते. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यांना ती दिसली. नस थांबत नव्हती. जिथे पाय असायला हवा होता तिथून ती बाजूच्या पायाकडे फांदी टाकत होती, मिरवेलीसारखी.

मला बोलावून त्यांनी ती दाखवली. मला फांदी दिसली. आजही सांगतो, दिसली, आणि मी ती काढली. पुढची किती तरी वर्षं तीच काढत राहिलो. त्या चित्रांवर त्यांनी कधी फुली मारली नाही. ही धडपड कशासाठी आहे ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मला सांगावं लागलं नाही. फांदी खरी असेल तर कुसुमची नस खरंच खाली आली होती, पोर खरं बोलत होती आणि कुबडी जाळणारा बाप बरोबर होता. मग दोष शेवाळाचा. फांदी खोटी असेल तर त्या डोणीवर पोरीला दुसऱ्या कोणी ढकललेलं नव्हतं.

शंकर म्हात्रे तोवर मुंबईत शास्त्राचा प्रोफेसर झाला होता. विद्वानांची एक मोठी बैठक भरणार होती आणि तिथे मास्तरांची फांदी मांडायची तर शिफारस त्याच्याकडूनच हवी होती. मास्तरांनी त्याला बोलावणं धाडलं. त्यांनी नाक किती मुठीत धरलं असेल याची कल्पना मला आहे. कार्तिकात शंकर आला, खाडीपलीकडे बापाकडे उतरला आणि रोज होडीनं येऊ लागला. पांढरा कोट, डोळ्यांना चष्मा, बोलणं हळू. पहिल्या दिवशी मास्तर दुर्बिणीकडे वळले तसा तो म्हणाला, "थांबा, आधी हात धुऊन येतो." आणि अंगणात जाऊन त्यानं तीनदा हात धुतले. मास्तर खिडकीतून बघत होते. त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही.

त्यानं काचा पाहिल्या, माझी चित्रं पाहिली आणि फार सुंदर आहेत म्हणाला. मास्तर खूश झाले. मग त्यानं मुंबईहून आणलेली उकळून गाळलेल्या पाण्याची बाटली काढली आणि दोन काचा आपण नव्यानं करू या, असं सुचवलं. एकीत पाच पायांचं चिलट आणि मुंबईचं पाणी. दुसरीत मास्तरांच्या बरणीतलं पाणी, आणि चिलट नाहीच, नुसता सरस.

"रिकामा सरस कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही त्यात काय दिसतं ते बघू," शंकर म्हणाला.

चांदी मुरायला लागतात तेवढे दिवस गेले. त्या दुपारी मी होतो, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शंकरनं आधी दुसरी काच लावली आणि मास्तरांना जागा दिली. मास्तर वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी मला बघायला सांगितलं. पिवळसर उजेडात काळे दोरे होते, दोऱ्यांना फांद्या होत्या, आणि चिलट नव्हतं. मी इतकी वर्षं जी काढली तीच फांदी, शाईतसुद्धा फरक करावा लागला नसता. शंकर शांतपणे सांगत होता की पाण्यात थोडं मीठ असलं की चांदी सरसात अशी पसरते, आणि उजेडानं काळी पडते. मग त्यानं पहिली काच लावली. त्यात चिलटाची नस होती. जळलेल्या कोंबापर्यंत येऊन ती एका गाठीशी संपली होती.

"नस इथेच संपते, मास्तर. पुढे काही नाही."

मास्तर म्हणाले, एका काचेवरून काही ठरत नाही, चांदी लहरी असते. ते बरोबरच होतं आणि शंकरनंही मान हलवली. पण मास्तरांचा आवाज चिरकला होता. मीठ आलं कुठून, हे त्यांनी दोनदा विचारलं. माझं पाणी आकाशातलं आहे. माझ्या पाण्यात मीठ येणार कुठून? शंकर बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्याकडे बघत होतो, म्हणून मला ते नक्की ठाऊक आहे. तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "मी घालत होते."

त्याच पुढे म्हणाल्या, "कुसुम गेली त्या वर्षापासून. श्रावणात बरणी भरली की चिमूटभर."

मास्तरांच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला. त्याआधी तिथे आनंद आला होता. मी चित्रं काढणारा माणूस आहे, चेहरे मला कळतात. "म्हणजे माझं पाणी शुद्ध होतं," असं ते पुटपुटले. पाणी शुद्ध होतं, हात शुद्ध होते, दोष बायकोचा होता आणि खरी फांदी अजून कुठेतरी होती. मग ते उठले आणि वहिनींना त्यांनी जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाले की, आजपासून तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. वहिनींनी मान हलवली आणि चुलीवरचं उतरवायला आत गेल्या.

शंकरला पोचवायला मी होडीपर्यंत गेलो. वाटेत तो म्हणाला की काकू खोटं बोलल्या. दांडीवर मास्तरांचं धोतर वाळत होतं, ते त्यानं पहिल्याच दिवशी बोटांत चुरगाळून जिभेला लावलं होतं. मिठागरावरची पोरं कापड तसंच चाखतात. रोज मचूळ पाण्यात धुतलेलं, वर खाऱ्या वाऱ्यात वाळलेलं धोतर. दर श्रावणात मास्तर स्वतःच आकाशाचं पाणी मिठातून गाळून घेत होते. चिमूट घालायची गरजच नव्हती. मग तू बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"त्या बोलल्यावर मी कशाला खोडू?" तो म्हणाला. होडीत बसल्यावर चष्मा पुसत पुढे म्हणाला, "आणि गुरुजी, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं."

त्याला मी नावं ठेवू शकलो नाही. बैठकीत फांदी मांडली गेली नाही हे वेगळं सांगायला नको.

मास्तर वेगळ्या चुलीवर स्वतःची पेज शिजवू लागले. पाणी स्वतः शेंदत. प्रयोगाचं पाणी मुंबईहून औषधांच्या दुकानातून काचेच्या बुधल्यांत येई आणि त्या खोलीला ते कुलूप लावत. पुन्हा अळ्या, पुन्हा सुई, पुन्हा पाच पायांची चिलटं. आता प्रत्येक नस गाठीशी येऊन संपत होती. एकही पुढे जात नव्हती. आधी ते म्हणाले, चांदी जुनी आहे. मग म्हणाले, उजेड बरोबर नाही. मग हात कापतो म्हणाले, आणि तो खरंच कापू लागला होता. शाळेनं त्यांना घरी बसवल्यावर ते दिवसभर तिथेच असत. मला हाक येई, मी जाऊन वाकून बघे, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहत. मी 'नाही' म्हणे. त्यांनीच शिकवलं होतं, दिसतं ते सांगावं. एखाद्या दिवशी 'दिसते' म्हणावं असं फार वाटे, आणि मग मला ती डोण आठवे.

माझी पनवेलच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा मी सामान बांधून निरोप घ्यायला गेलो. मास्तर दुर्बिणीवरून उठले नाहीत. पाठीचं धनुष्य झालं होतं, मानेवर अल्पाकाची कॉलर सुटून आली होती. मी जातो म्हणालो, तर म्हणाले, आधी हे बघा. मी पाहिलं. गाठ होती. मी नाही म्हणालो. "चांदी कमी पडली असेल," ते म्हणाले आणि काच बदलायला लागले.

वहिनी मागच्या अंगणात सुपारी सोलत बसल्या होत्या. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी त्या दिवशी विचारलं. शंकरनं धोतराचं मला सांगितलंय, म्हणालो. मग तुम्ही का सांगितलंत तसं? नवऱ्याला वाचवायला?

त्यांनी सुपारी बाजूला ठेवली. "वाचवायला?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, तेव्हा खरं कळलं असतं ना, तर पोरीला आपण मारलं हे यांना त्याच दुपारी कळलं असतं. माणूस रडतो, चार दिवस जेवत नाही, देवाला शिव्या देतो आणि मग सुटतो. मी सुटले नाही. यांनी का सुटावं?"

त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता.

"रोज एक काच बघतात," त्या म्हणाल्या. "कुसुम हो म्हणायची. काच म्हणत नाही."

अंधारून येत होतं. त्या उठल्या, आत जाऊन कंदिलाची काच पदरानं स्वच्छ पुसली, वात कापली आणि दिवा लावला. मास्तरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. वहिनींनी कंदील दुर्बिणीशेजारी, त्यांना हवा तिथे नेमका ठेवला. पाणी त्यांच्या हातचं चालत नव्हतं, पण उजेड चालत असावा. मास्तरांनी वर न बघता कंदील आणखी थोडा जवळ ओढला आणि डोळा काचेला लावला.